बर्फाचा हंगाम आणि आपला हिशेब

 

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, या बायांना आज झालं तरी काय! आज आम्ही बोलणार आहोत बर्फाच्या डोंगरांबद्दल. त्या डोंगरांवरून पायाला पट्ट्या बांधून माणसं सुसाट घसरत खाली येतात. मोबाइलवर हे तुम्ही पाहिलंच असेल. आमच्या गटाच्या बैठकीतही असाच एक व्हिडिओ फिरला. आधी सगळ्या हसल्या. मग एका आजीने विचारलं, "ह्या घसरगुंडीवर तिथल्या बाईचं पोट भरते काय? अन् बर्फ पडला नाही तर थे काय करते?"

आजीचा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटला. कारण पाऊस पडला नाही तर काय, हा प्रश्न आपल्या घरात दर जूनमध्ये असतोच. शिवाय यात्रेत दुकान लावू, पर्यटकांसाठी घरगुती जेवण सुरू करू, अशी बोलणी हल्ली बऱ्याच गटांत चालू आहेत. हंगामावर चालणारा धंदा कसा चालतो आणि कुठे अडतो, हे बर्फाच्या गावांकडून नीट शिकता येतं. म्हणून हा विषय घेतला.

आपल्याकडे बर्फ का नाही?

मलकापूरहून एसटीने निघालं की राजूर घाटाच्या खाली घाम निथळत असतो, आणि घाट चढून बुलढाण्याला पोचलं की जरा बरं वाटतं. मलकापूर समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटर उंच आहे आणि बुलढाणा साडेसहाशेच्या आसपास. दर हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे एवढ्याशा घाटानेही अडीच अंशांचा फरक पडतो.

आता हाच हिशेब पुढे न्या. आपल्या विदर्भातलं चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. तिथेही बर्फ पडत नाही. काश्मीरमधलं गुलमर्ग मात्र २,६५० मीटरच्या आसपास आहे आणि ते आपल्यापेक्षा खूप उत्तरेलाही आहे. म्हणून तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो आणि टिकतो.

आपण आकाशातून पडताना पाहिलेला बर्फ म्हणजे गारा. हरभरा, गहू, कांदा झोपवून जाणाऱ्या. हिमाचं तसं नसतं. ते पिंजलेल्या कापसासारखं हळूहळू उतरतं आणि थरावर थर साचत जातो. भूमध्य समुद्राकडून जे ढग हिवाळ्यात उत्तर भारतात येतात, त्यांना हवामान खातं 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतं. हा शब्द आपण बातम्यांत ऐकतो. डोंगरात त्यांच्यामुळे हिम पडतं. आपल्याकडे ऐन काढणीत जो अवकाळी पाऊस किंवा गारपीट येते, तिच्यातही कधीकधी त्यांचाच हात असतो. म्हणजे तिथे ज्याची वाट पाहतात, त्याच्याच नावाने आपण इथे कपाळाला हात लावतो.

स्की म्हणजे काय?

स्की म्हणजे लांब, अरुंद आणि पुढच्या टोकाला वर वळलेली पट्टी. अशा दोन पट्ट्या जाड, कडक बुटांना घट्ट बसवतात. तोल सांभाळायला दोन्ही हातांत काठ्या घेतात. मग उतारावरून नागमोडी वळणं घेत खाली यायचं. थांबायचं असेल तर दोन्ही पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची आणि टाचा बाहेर दाबायच्या, की वेग कमी होतो. नवीन माणसाला आधी हेच शिकवतात. आधी थांबायला शिका, मग घसरायला.

खाली येणं सोपं, पण पुन्हा वर कसं जायचं? गुडघाभर बर्फात चढताना दम निघतो. म्हणून अशा ठिकाणी दोरवाट लागते. तारेला लटकलेले पाळणे किंवा खुर्च्या माणसांना वर नेतात. शिवाय बर्फ दाबून सपाट करणारी यंत्रं लागतात, शिकवणारे लागतात, आणि कुणी पडलं-झडलं तर उचलून आणणारी माणसं व डॉक्टर लागतात. मोठा बर्फ एकदम सुटून खाली आला तर त्याखाली माणसं गाडली जातात, म्हणून कोणता उतार आज उघडायचा आणि कोणता बंद ठेवायचा, हेही रोज पाहावं लागतं. एवढं सगळं जिथे एकत्र असतं, त्याला स्की रिसॉर्ट म्हणतात. नुसता बर्फ असून भागत नाही.

आपल्या देशातल्या जागा

सगळ्यांत मोठं नाव गुलमर्गचं. गुल म्हणजे फूल आणि मर्ग म्हणजे कुरण. इंग्रजांच्या काळात, १९२७ साली, तिथे स्की क्लब निघाला. पुढे १९६८ साली सरकारने स्की आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था काढली. तिथली दोरवाट दोन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला आणि दुसरा २००५ साली. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ४,००० मीटर उंचीपर्यंत जातो. जगात इतक्या उंचीवर जाणाऱ्या अशा दोरवाटा मोजक्याच आहेत.

दुसरी जागा उत्तराखंडातलं औली. चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या वाटेवर जोशीमठ लागतं, त्याच्या वर. आपल्याकडच्या ज्या बायकांनी बद्री-केदार केलं असेल, त्या जोशीमठावरून गेल्या असतील. औलीचे उतार म्हणजेही कुरणंच. तिकडे त्यांना 'बुग्याल' म्हणतात. जोशीमठापासून औलीपर्यंत साधारण चार किलोमीटरची दोरवाट बांधली आहे. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा स्कीच्या शर्यती औलीत झाल्या.

हिमाचल प्रदेशात मनालीजवळ सोलंग आहे. शिमल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर नारकंडा आहे. शिमल्याजवळच कुफ्रीही आहे. या जागा गुलमर्गपेक्षा लहान, पण नवशिक्यांना आणि घरच्या मंडळींना बऱ्या. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्या मराठी माणसांना काश्मीर आणि मनालीला नेतात, त्यातले बहुतेक जण स्की करत नाहीत. बर्फात फोटो काढतात, पोरांना लाकडी गाडीवरून घसरवतात, गरम मॅगी खातात आणि परत येतात. तिथल्या लोकांचा बराचसा धंदा या अशा पाहुण्यांवरच चालतो.

या खेळात आपल्या मुलीही मागे नाहीत. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय स्त्री म्हणजे शैलजा कुमार. १९८८ साली कॅनडातल्या कॅलगरी इथे ती स्कीच्या शर्यतीत उतरली होती. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं. आंतरराष्ट्रीय स्कीमधलं भारताचं पहिलं पदक म्हणून ते गाजलं. आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटाच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. म्हणजे बर्फावर पोट असलेल्या घरातूनच हा खेळाडू घडला.

पैसा कुणाच्या हातात जातो?

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. दोरवाट उभी करायला कोट्यवधी रुपये लागतात. ती सरकार, सरकारी महामंडळ किंवा मोठी कंपनी बांधते. तिकिटाचा पैसा तिकडे जातो. मोठ्या हॉटेलांचा पैसा हॉटेलमालकाकडे जातो.

गावातल्या माणसाच्या हाती राहतं ते बारीकसारीक काम. कोट आणि गमबूट भाड्याने देणं. मनालीच्या वाटेवर अशा दुकानांची रांगच असते आणि प्रत्येक दुकानाला नंबर. लाकडी गाडीवर बसवून ओढणं. घोड्यावरून फिरवणं. वाट दाखवणं, स्की शिकवणं, चहा-कहवा विकणं, शाली आणि लोकरीचे मोजे विकणं. गुलमर्गला काम करणारे पुष्कळ जण खालच्या टंगमर्ग आणि आसपासच्या खेड्यांतून रोज वर येतात. हिवाळ्याचे हे थोडे महिने त्यांचे कमाईचे. आपल्याकडचे लोक ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर हंगाम धरतात, तसंच हे.

यात बाईच्या हाती थेट पैसा देणारी एक गोष्ट आहे. घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देणं. हिमाचल सरकारने २००८ साली यासाठी होम स्टे योजना आणली. घरमालकाने नोंदणी करायची, स्वच्छ खोली आणि न्हाणीघर द्यायचं, घरचं जेवण द्यायचं. यात नवीन इमारत लागत नाही. आहे त्या घराला आणि आहे त्या हाताला दाम मिळतो. पाहुणे नसले तर खोली आपल्याच कामी येते, तिच्यावर भाडं चढत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बर्फ पडला नाही तर?

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला नेमकं हेच झालं. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला 'चिल्ले कलान' म्हणतात. हेच खरे बर्फाचे दिवस. त्या वर्षी या दिवसांत गुलमर्गचे उतार तपकिरी गवताचे दिसत होते. पाहुण्यांनी बेत रद्द केले. बर्फ आला तो महिना सरता सरता. पुढच्या वर्षीही तीच गत. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गमधला भाग २२ फेब्रुवारी २०२५ पासून ठरला होता. पुरेसा बर्फ नाही म्हणून तो पुढे ढकलला आणि ९ ते १२ मार्चला घेतला.

कुणी म्हणेल, मग यंत्राने बर्फ करा की. करतात. थंड हवेत पाण्याचे बारीक तुषार जोराने उडवले की ते गोठून खाली पडतात. औलीला त्यासाठी डोंगरावर कृत्रिम तळं बांधलं आहे. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जवळजवळ सगळा बर्फ यंत्राचाच होता. पण त्यालाही दोन गोष्टी लागतात, भरपूर पाणी आणि शून्याखालची थंडी. थंडीच पडली नाही तर यंत्र नुसतं पाणी उडवतं. मोटर आहे, ठिबक आहे, पण विहिरीत पाणी नाही, अशी ती गत.

आणि बर्फ फक्त पाहुण्यांसाठी पडत नाही. तो डोंगरावर साठवलेला पाण्याचा हंडा असतो. उन्हाळ्यात तो हळूहळू वितळतो म्हणून झेलम आणि अलकनंदा वाहत्या राहतात. आपल्या पैनगंगेला वरून असा हंडा नाही, म्हणून उन्हाळ्यात तिचं पात्र उघडं पडतं. तिकडच्या सफरचंदाच्या झाडांनाही हिवाळ्यात ठराविक थंडी लागते, नाहीतर बहर नीट धरत नाही. त्यामुळे एका बर्फाविना हॉटेलवाला, घोडेवाला, बागवाला आणि पाणी भरणारी बाई, सगळ्यांचंच अडतं.

हंगाम फक्त हवामानानेच बुडतो असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला. त्यात आपल्या महाराष्ट्रातलीही माणसं गेली. त्या घरांचं दुःख मोठंच. त्यानंतर काश्मीरला जाणाऱ्यांनी बुकिंग रद्द केली आणि ज्यांचा त्यात काही दोष नव्हता अशा घोडेवाल्यांची, टॅक्सीवाल्यांची चूलही थंडावली.

जोशीमठाची गोष्ट

औलीच्या पायथ्याचं जोशीमठ पाहा. हे गाव जुन्या दरडीच्या मातीवर वसलेलं आहे. १९७६ साली मिश्रा समितीने सांगितलं होतं की ही जमीन कच्ची आहे, इथे जड बांधकाम करू नका, झाडं तोडू नका, पाण्याचा निचरा नीट ठेवा. तरी पुढे यात्रा वाढली, पर्यटन वाढलं, इमारती वाढल्या. जानेवारी २०२३ मध्ये घरांना मोठमोठे तडे गेले. शेकडो कुटुंबांना घर सोडून दुसरीकडे राहावं लागलं. एकमेकांकडे झुकलेली दोन हॉटेलं पाडावी लागली. औलीची दोरवाटही बंद ठेवावी लागली. एकट्या पर्यटनाने हे झालं असं नाही. जमीनच ठिसूळ, त्यात सांडपाणी मुरलं, रस्ते आणि मोठी बांधकामंही झाली. पण जमिनीला किती भार सोसेल, हे विचारायचं राहून गेलं, एवढं खरं.

याच भागात रैणी गाव आहे. २६ मार्च १९७४ रोजी तिथल्या गौरादेवी आणि त्यांच्या सोबतच्या बाया जंगल तोडायला आलेल्यांच्या समोर उभ्या राहिल्या. हेच ते चिपको आंदोलन. गौरादेवी गावच्या महिला मंगल दलाच्या प्रमुख होत्या. म्हणजे आपल्यासारखीच गावातल्या बायांची संघटना. जंगल गेलं तर डोंगर खाली येईल, हे त्या बायांना ठाऊक होतं.

आपल्याकडे ई-क्लासची जमीन असते, गुरं चरायची. गुलमर्ग आणि औलीचे उतारही उन्हाळ्यात चराईची कुरणंच आहेत. काश्मीरमध्ये गुज्जर-बकरवाल लोक मेंढ्या घेऊन अशा कुरणांवर जातात. एकच जमीन हिवाळ्यात खेळाची आणि उन्हाळ्यात गुरांची. उद्या आपल्या भागात पर्यटनाचं काही निघालं आणि त्यासाठी गावाची जमीन मागितली, तर ग्रामसभेत पहिला प्रश्न आपणच विचारायचा. आमची गुरं कुठे जातील आणि पाणी कुठून आणणार?

आपण काय घ्यायचं यातून?

आपल्या जिल्ह्यात बर्फ नाही, पण हंगाम आहेत. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरते. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जन्मोत्सव असतो. शेगावला बारा महिने वर्दळ असते. लोणारचं सरोवर २०२० साली रामसर यादीत आलं, तिथे पाहुणे येतात. अशा ठिकाणी काही करायचं असेल तर कर्ज उचलण्याआधी गटात तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न. हंगाम किती दिवसांचा आणि हप्ता किती महिन्यांचा? समजा, एखाद्या गटाने ६०,००० रुपये घेतले आणि व्याज धरून वर्षभर महिन्याला ५,५०० रुपयांचा हप्ता आला. म्हणजे वर्षाचे ६६,००० रुपये. हंगाम दोन महिन्यांचा आणि खर्च जाऊन महिन्याला २०,००० सुटले, तर हातात ४०,००० आले. उरलेले २६,००० कुठून आणणार? आणि हंगाम अर्धाच झाला तर ४६,००० कुठून? याचं उत्तर गटाच्या वहीत आधी लिहा, मग अर्जावर सही करा.

दुसरा प्रश्न. हंगाम बुडाला तर घेतलेल्या वस्तू दुसऱ्या कामी येतील का? मोठी भांडी, शिलाई मशीन, मसाल्याची चक्की बारा महिने चालतात. लग्नकार्यात भाड्यानेही देता येतात. नुसत्या यात्रेपुरता भरलेला माल मात्र गोणीतच राहतो. हिमाचलातल्या घरातली खोली रिकामी राहिली तरी घरच्यांच्या कामी येते, ते म्हणूनच सांगितलं.

तिसरा प्रश्न. पैसा आपल्या हातात येतो की दुसऱ्याच्या? जागेचं भाडं, मालाचा दलाल, गाडीवाला, सगळे जाऊन बाईच्या दिवसभराच्या मेहनतीची मजुरी तरी सुटते का, ते मोजा. आपली मजुरी खर्चात धरायला आपण नेहमी विसरतो.

आणखी एक कामाची माहिती. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाच्या धंद्यासाठी बाईने बँकेतून १५ लाखांपर्यंत कर्ज घेतलं, तर त्यावरचं १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज सरकार परत देतं. त्याला सात वर्षांची किंवा साडेचार लाख रुपयांची मर्यादा आहे. अट अशी की धंदा बाईच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला हवा, कामाला निम्म्या तरी बाया हव्यात, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी हवी आणि हप्ते वेळेवर गेले पाहिजेत. ध्यानात घ्या, परत मिळतं ते व्याज. मुद्दल आपल्यालाच फेडायचं आहे. अर्ज करण्याआधी सध्याचे नियम पर्यटन कार्यालयात विचारून घ्या, आणि कागद गटात मोठ्याने वाचून घ्या.

आता आजीच्या प्रश्नाचं उत्तर. बर्फाच्या गावात बाईचं पोट भरतं, पण एकट्या बर्फावर नाही. जिच्या घरी बाग आहे, मेंढ्या आहेत, विणकाम आहे आणि जोडीला पाहुण्यांची एखादी खोली आहे, ती वाईट हिवाळाही काढते. जिने सगळं एका हंगामावर लावलं, तिला आभाळाकडे पाहत बसावं लागतं. आपण कोरडवाहूच्या बाया. सोयाबीनच्या ओळीत तुरीचं तास आपण कशासाठी टाकतो? एक गेलं तर दुसरं हाती लागावं म्हणून. गटाच्या धंद्यातही तसंच एक तास टाका.

येत्या बैठकीत हे तीन प्रश्न नक्की घ्या, आणि तुमच्या गटाचा हिशेब काय निघाला ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू. नमस्कार.